पातळ बर्फाचा सूर

ख्रोनिंगन, फेब्रुवारी. कालव्यात पाणी नुसतं पाणीच,
बदकं निवांत.
आत, स्टीलच्या पिंपात, हेलियमने थंडीची हद्द गाठली आहे:
ज्याच्या खाली काहीच नाही त्या शून्यापासून
चार अंश वर.

फिल्म मी बसवली. नायोबियम नायट्राइड, सिलिकॉनच्या चकतीवर.
जाडी विचाराल तर
दहा सेकंदांत नख वाढतं तेवढी.
योर्रित आकडे मांडतो, मी स्क्रू आवळते;
तेवीस वर्षं हीच वाटणी, पोरं फक्त बदलतात.

खोक्यातली हवा कोरडी करायला दीड तास.
टेराहर्ट्झच्या उजेडाला ओल सोसत नाही,
माणसाचा एक उच्छ्वास आलेखाला दाते पाडून जातो.
एकदा झाकण उघडं असताना मी हसले होते.
ते हसू कुणाच्या तरी प्रबंधात पान चव्वेचाळीसवर आहे,
वाफेच्या रेषा म्हणून.

उजेड म्हणते, पण डोळ्यांना दिसत नाही तो.
रेडिओच्या लाटेहून आखूड, शेगडीच्या धगीहून लांब.
दोन घरचा पाहुणा,
बरीच वर्षं उपाशीच राहिला.

वीस केल्विनला फिल्म साधा धातू होती,
सगळ्या स्वरांशी सारखीच वागणारी:
थोडं पलीकडे, थोडं परत, थोडं गिळलेलं.
चौदाच्या खाली
इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमत गेल्या
आणि आलेख वाकला.
खर्जातल्या लाटा दारातूनच माघारी.
पण वर, एका ठरावीक स्वरापाशी,
जोडी मोडायला जेवढं बळ लागतं
बरोब्बर तेवढ्यावर,
धातू असताना सोडला नव्हता इतका उजेड फिल्मने सोडला.
गिळायला कुणी मोकळंच नव्हतं.
त्याहून वर जोड्या फुटतात, मग पुन्हा जुनंच वागणं.

"हिंके, हा बघ उंबरठा," योर्रित म्हणाला
आणि पडद्यावर बोट टेकवलं.
पडदा मी सकाळीच पुसला होता.

माझे बाबा, डौवे, अकरा गावांच्या शर्यतीआधी
तळ्यावर खडा फेकायचे
आणि बर्फाला कान लावून आडवे व्हायचे.
पातळ असला की सूर चढा.
पंधरा सेंटिमीटरला कुठला सूर, त्यांना पाठ होतं;
लिहून नाही ठेवलं.
शर्यतीला आता जमाना झाला. बर्फ धरतच नाही.
त्यांचे स्केट गॅरेजमध्ये आहेत,
दर ऑक्टोबरला पात्यांना ग्रीस लावते.
का, ते विचारू नका.

योर्रित सूप आणायला गेला
तेव्हा मी पिंपाला कान लावला.
बाहेरचं स्टील कोमट. आत पंपाची टकटक.
फिल्मचा आवाज येत नसतो, मला काय कळत नाही?
तरी जरा वेळ तशीच राहिले,
झाकण बंद होतं, तरीही
श्वास धरून.