पहिली लिपी, दुसरी लिपी

माझगावला, गोदीकडच्या खिडकीपाशी बसून
मी तीन वर्षं रजिस्टरं स्कॅन केली.
विंचवाले, टॅलीक्लार्क, हमाल.
एक माणूस, एक पान, एक फाइल.

माझ्याआधी या खुर्चीत रेमेडियो होता.
दोन जनार्दन पागधऱ्यांची त्याने अशी सोय लावली :
थोरल्याचा पी पहिल्या लिपीतला,
धाकट्याचा दुसऱ्या.
(इथे, या ओळीत, मला तो फरक लिहून दाखवता येत नाही.
आमच्याकडे पी म्हणजे पी.
अक्षरं सगळी एकाच दांडीला वाळत घातलेली,
गव्हर्नरचा ग तोच, गवंड्याचाही तोच.
पण वेलांटी पहिलीची दुसरी झाली
की दिन दीन होतो
आणि बाईंची पट्टी हातावर.)

तळघरातला सर्व्हर बाईंसारखाच कडक.
त्याच्या लेखी ते दोन पी दोन माणसं,
शेजारी शेजारी, कधी भांडण नाही.

मार्चअखेरीला साहेबांनी सगळं लॅपटॉपवर मागितलं.
लॅपटॉप मात्र मोकळ्या स्वभावाचा.
तुम्ही लिहाल तसं नाव मिरवतो,
हाक मात्र कशीही मारा, ओ देतो.
त्याने विचारलं : या नावाची फाइल आहे. बदलू?
मी डबा उघडत होते.
सगळ्यांना हो, म्हटलं.

मे महिन्यात थोरल्याचा मुलगा आला, विरारहून,
टोपी हातात, पेन्शनचा कागद हवा म्हणून.
फाइल लगेच सापडली. नाव बरोबर, लिपी पहिली.
तो पडद्याकडे वाकून बघत राहिला.
"हा अंगठा आमचा नाही," म्हणाला,
"बाबा सही करायचे.
रात्रशाळेत शिकले होते."

नाव थोरल्याचं राहिलं होतं,
आत धाकटा येऊन झोपला होता.

तळघरात उतरले. पंख्याची घरघर, ओल.
दोघे होते तिथे, अजून, जसेच्या तसे.
सहीतला र जरा जास्तच लांब ओढलेला,
नवं अक्षर शिकलेला माणूस ओढतो तसा.

शुक्रवारी सर्व्हर भंगारात जाणार आहे.
मी एकेक जोडी शोधून नावं बदलते आहे,
मराठीत, सबंध, बापाच्या नावासकट.
आज चौदा झाल्या.
रेमेडियोला फोन लावला होता.
तो म्हणाला, अजून असतील,
मला आठवत नाही किती.