मिठाचा खडा

सेंट क्लाउडमध्ये आज शाळा दोन तास उशिरा.
रात्री पडला तो धड पाऊस नव्हता, धड बर्फही नव्हता,
गावभर काचेचा एक थर बसला होता,
आणि सकाळी बँकेच्या पाटीवर: उणे चार.

आठवीच्या वर्गात मी फळ्यावर दहा लिहिते
आणि त्याच्या खांद्यापाशी, वर,
बारीकसा उणे चार.
ॲनिका हात न उचलताच म्हणते,
"म्हणजे शून्याच्या खाली. बाहेरच्यासारखं."
वर्ग मान डोलावतो.
मिनेसोटाच्या मुलांना उणे म्हणजे काय ते
नाकाच्या शेंड्याला ठाऊक असतं,
म्हणूनच ती इथे चुकतात.

नाही ग, हा उणे वेगळा.
हा शून्याखाली उतरत नाही,
शून्याकडे नुसता चालत राहतो,
पावलागणिक दहावा हिस्सा होत,
आणि पोचत नाही.
(दर वर्षी हे सांगताना मजा वाटते मला.
थोडी भीतीसुद्धा.)

मागच्या बाकावर लिबान जांभया देतो आहे.
त्याचे वडील रात्रभर मिठाचा ट्रक घेऊन फिरत होते,
आणि ते घरी येईपर्यंत त्याच्या घरात कुणी झोपत नाही.
जाकिटाच्या खिशातून तो एक खडा काढतो,
राखाडी, तुरीच्या दाण्याएवढा.
"एका ट्रकात असे किती?"

धडा बाजूला राहतो.
विज्ञानाच्या खोलीतून काटा येतो.
खडा भरतो शून्य पूर्णांक पंधरा शतांश ग्रॅम.
आता किलोत लिही, म्हटल्यावर
लिबान जीभ बाहेर काढून शून्यं मांडतो,
तीनदा मोजतो, दोनदा वेगळी भरतात.
याच्यासाठीच रे, मी म्हणते,
दशांशचिन्हाच्या दाराशी एकच आकडा उभा करायचा,
एक ते नऊ यांतला कुणीही,
बाकीची गर्दी माळ्यावर चढवायची.

ट्रक: ९ × १०³.
खडा: १.५ × १०⁻⁴.
नवाला दीडने भागा.
(दीड. इंग्रजीत याला एकटा शब्द नाही,
मी तो मनातल्या मनात वापरून घेते.)
सहा, हे सगळ्यांना येतं.
मग तीनातून उणे चार वजा करायचे,
आणि वर्ग जागच्या जागी गोठतो.

मी संख्यारेषा काढायला वळते, तेवढ्यात मागून,
"थंडी काढून घेतली तर ऊबच वाढणार ना?
तीन आणि चार. सात."

मीच तर आत्ता सांगितलं होतं
की या उण्याचा थंडीशी काही संबंध नाही.
ॲनिका माझ्याकडे बघते.
मी खडू खाली ठेवते.

वर्ग म्हणतो, सिक्स्टी मिलियन.
माझ्या डोक्यात सहा कोटी.
एकं दहं शतं सहस्र करत
परार्धापर्यंत एका दमात पळायचो आम्ही,
वाटेत अब्ज, खर्व, निखर्व, पद्म,
आणि खर्वभर काय असतं
हे ना आम्ही विचारलं, ना आम्हाला कुणी सांगितलं.
इथे नावं नाहीत. कोपऱ्यात एक छोटा सात आहे,
तो त्यांनाही पुरतो आणि मलाही.

लिबान उत्तराकडे बघतच राहतो.
"पण चार फेऱ्या केल्या त्यांनी."
समासात तो चोवीस लिहितो, दहावर सात लिहितो,
थांबतो, पुटपुटतो, दाराशी दोघं झाले,
खोडतो.
२.४ × १०⁸.
मग खालची रेघ जरा जास्तच दाबून ओढतो,
खडा परत खिशात टाकतो,
आणि तासाची उरलेली बारा मिनिटं
हातावर डोकं ठेवून झोपून जातो.
मी उठवत नाही.

संध्याकाळी गाडीकडे जाताना
बुटांखाली काहीतरी करकरतं.
अंधार आहे, उतार आहे, हातात वह्यांचा गठ्ठा आहे.
मी पडत नाही.