दोन गाठींची सुतळी

सेतूबलच्या मासळीबाजारामागे, उताराच्या गल्लीत
माझं दुकान. जुने कॉम्प्युटर घेतो, पुसतो, विकतो.
बुडालेल्या कंपन्यांची टेबलं कोण नेतं ठाऊक नाही,
टेबलाखालचे डबे माझ्याकडे येतात.

कुश्तोदियु आला तेव्हा मी जेवायला बंद करत होतो.
दारातूनच ओरडला, "मला ऐकू येत नाही,
पण तू ओरडू नकोस. समोर बघून बोल."
फेरीबोटीच्या इंजिनखोलीत चौतीस वर्षं.
खिशातून त्याने सुतळी काढली. दोन गाठी मारलेली.
"टीव्हीखाली, संत अंतोन आणि चिल्लरचा डबा
यांच्या मधे एवढी जागा.
अंतोन हलणार नाही.
डब्याचं देओलिंदाशी बोलून बघता येईल."

सिनेमे, जुने सामने, आणि हलका एखादा खेळ.
दीडशे युरो. वर एक सेंट नाही.

मी आधी चकचकीत दाखवला,
साबणाच्या वडीएवढा, नवाकोरा, एकशे वीसला.
त्याने उलटा केला. नखाने कड चाचपली.
"उघडतो कुठून?"
उघडत नाही.
"मग बिघडल्यावर?"
मी खांदे उडवले. त्याने तो परत ठेवला,
कल्ले बघून मासा परत ठेवतात तसा.

दुसरा काळा, जाडसर, एका विमा कंपनीतला.
पाठीवर अजून चिठ्ठी : दावे विभाग, ४१७.
सुतळी लावली. गाठीला गाठ.
एकच स्क्रू, झाकण सरकलं,
आठ जीबीची पट्टी, शेजारी एक रिकामी खाच.
"ही कशाला?"
पुढे कधी वाढवायची झाली तर.
तो त्या रिकाम्या खाचेकडे बराच वेळ बघत राहिला.
"बनवणारा शहाणा होता," म्हणाला.

"आवाज अजिबात नाही," मी सवयीने बोलून गेलो
आणि जीभ चावली.
"मला तर कशाचाच नाही," तो हसला,
"पण तिने माझं ओरडणं ऐकलंय इतकी वर्षं.
आता बैठकीत दुसरं इंजिन नको."
मग तळहात डब्यावर ठेवला, डोळे मिटले.
मी सिनेमा लावला, मग खेळ, मग दोन्ही,
पंखा मुद्दाम दमवला.
दहा मिनिटं तो तसाच उभा.
माझं सूप गार झालं.
"बेअरिंग चांगलं आहे."

मोठे खेळ यावर चालणार नाहीत, मी बजावलं,
ती युद्धं, ते खरे वाटणारे घोडे.
"घोडे नकोत. बेडूक उड्या मारतात तो एक आहे.
नातू शिकवणार आहे. तोमे. लक्झेंबर्गला असतो.
फोनवर तो बोलतो, मी हो हो करतो.
काय म्हणाला ते देओलिंदा नंतर सांगते,
तोवर फोन ठेवलेला असतो.
बेडकांना बोलावं लागत नाही."

एकशे चाळीस म्हटलं, तो एकशे तीसवर अडला.
शेवटी पस्तीसला दिला, वर एक कंट्रोलर,
ज्याची डावी कळ जराशी अडते.
त्याने ती चार वेळा दाबली. "तेल आहे घरी."
तेल घालू नका, मी म्हटलं. समोर बघून म्हटलं.
ऐकलं नाही,
का ऐकायचं नव्हतं, सांगता येत नाही.

पाठीवरचा नंबर खरवडून देऊ का?
"राहू दे. मलाही होता."

सुतळी काउंटरवरच राहिली.
तीन महिने झाले, तो फिरकला नाही.
आमच्या धंद्यात याचा अर्थ चांगला धरायचा असतो.
हल्ली कुणी आत येऊन प्रोसेसर विचारू लागलं
की मी आधी ती सुतळी पुढे करतो.
बहुतेकांना कळत नाही, ते दाम विचारतात.
परवा एका नर्सने घरी नेऊन परत आणली.
आता तिला तीन गाठी आहेत.