ओ

रात्री दोन चाळीसला कॅल्डरच्या खोऱ्यातली वीज गेली,
पाचला परत आली.
मी इकडे लेस्टरमध्ये, घरातच कोट घालून,
चहा गार करत बसलेय
आणि हाका मारतेय.
बत्तीस बाइटांची एक हाक. मग दुसरी.
पडदा दर वेळी तेच सांगतो :
वाट पाहिली, कोणी ओ दिली नाही.

टॉडमॉर्डनच्या वरच्या अंगाला, बंद पडलेल्या गिरणीत,
जिन्यावरच्या फळीवर एक म्हातारा लॅपटॉप आहे.
दर पाच मिनिटांनी पाणी किती चढलं ते लिहायचं,
एवढंच त्याचं काम.
मार्चमध्ये त्याची बॅटरी पुरीसारखी टम्म फुगली.
मी काढून घेतली. म्हटलं,
भिंतीतली वीज आहे की.

यंत्र सुरू होण्याआधीच्या त्या निळ्या पानावर
खाली, अगदी खाली, एक ओळ असते :
वीज परतल्यावर काय करायचं?
तिथे 'जागा हो' निवडायचं होतं.
मला तीन बावन्नची गाडी गाठायची होती.
ओळ तशीच राहिली, 'पडून राहा' वर.
आता ते पडून आहे. त्याचा काय दोष,
ते सांगितल्याबाहेर नाही.

सातपर्यंत कळ काढली.
ऐंशी उलटलेल्या माणसाला अंधारात उठवायचं कसं?
तिसऱ्या घंटीला क्लिफर्ड ऑर्मरॉड म्हणाले,
मी केव्हाचा जागा आहे, लव्ह.
(ते सगळ्यांनाच लव्ह म्हणतात. गॅसचं मीटर वाचणाऱ्यालासुद्धा.)
मग बूट, मग कुत्र्याची समजूत,
मग किल्ली, डावीकडच्या कुंडीखालची,
मग पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला एक श्वास
माझ्या कानात.

झाकण उघडा. वर उजवीकडे बटण आहे.
दोन आहेत.
ज्याच्यावर तुटकं वर्तुळ आणि वरून आत आलेली दांडी…
चेरीसारखं?
हो. देठासकट चेरी. दाबा.
काही नाही झालं.
जरा वेळ दाबून धरा.
फोन त्याच्याजवळ न्या.

आधी खाकरल्यासारखा पंखा.
आणि त्याच्या मागे, खिडकीखाली,
नदी.
चार वर्षं मी हिचे आकडे वाचते,
दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत.
ही अशी बोलते हे मला माहीत नव्हतं.

ते विचारतंय काहीतरी, ऑर्मरॉड म्हणाले,
आणि चर्चमध्ये वाचावं तसं सावकाश वाचलं :
मागच्या वेळी हे नीट बंद झालं नव्हतं.
कसं सुरू करू?
नेहमीसारखं, मी म्हटलं. खालचा बाण, मग मोठं बटण.
नीट बंद झालं नव्हतं, ते पुन्हा म्हणाले,
नीट बंद कोण होतं?

सात पंचवीसला ओ आली.
एकवीस मिलिसेकंद.
मी गार चहा एका घोटात संपवला.

वही उघडली तर दोन पस्तीसला पाणी एक मीटर चौऱ्याण्णव,
आणि त्याखालच्याच ओळीत सात पंचवीस, एक मीटर एकसष्ट.
मधे ती चढली, कुठेतरी थांबली, उतरली,
आणि कोणी लिहिलं नाही.
प्रोग्रॅम अदबीने विचारतो : मधली जागा भरू का?
सरळ रेघ मारून देतो तो,
जणू रात्रभर पाणी शहाण्यासारखं उतरतच होतं.

किती वर आलं होतं हो?
बघितलं नाही, लव्ह. मी वर होतो, कुत्र्याला धरून.
मग थोडं थांबून : दुधाचा क्रेट भिंतीच्या अलीकडे असतो.
आता पलीकडे आहे.

मी रेघ मारली नाही.
शेऱ्यांच्या रकान्यात लिहिलं :
क्रेट भिंतीपलीकडे. माहिती, ऑर्मरॉड.

अजून एकच काम होतं, मी म्हटलं, एक निळं पान…
आज नको. मोजे भिजलेत.

बरोबर आहे.
शनिवारी मीच जाईन, बॅटरी घेऊन, मोजेही घेऊन.
तोवर ती ओळ 'पडून राहा' वरच आहे,
आणि आज रात्री पुन्हा वाऱ्याचा इशारा.