अर्धा इंच साटीन

बोहरी आळीत, तिसऱ्या बोळाच्या तोंडाशी
अलीअसगरभाईंचं दुकान: लेस, जर, बटणं, रिबिनी.
बाहेर एक टेम्पो मागे येत बीप बीप करतोय,
आत अडीचशे रिळं भिंतीला टेकून गप्प.

मी यादी काढते.
शिबिराची, वैशंपायन सिस्टरच्या अक्षरात:
गुलाबी चाळीस मीटर, लाल वीस, सोनेरी दहा,
जांभळी पंधरा, हिरवी बारा,
पिवळी.
पिवळीपुढचा आकडा खोडलाय.

"बेन, ऑक्टोबर आला की गुलाबी संपते,
नोव्हेंबर सरता सरता लाल.
इतकी वर्षं मला वाटायचं, लग्नसराई."
झिजल्या टोकांचा लोखंडी गज काउंटरवर ठेवून
ते विचारतात, "कशाकशाच्या असतात या?"

लाल एचआयव्हीची, मी म्हणते.
"कुंकवाचा रंग," ते म्हणतात.
हो. रत्नप्रभाचं कुंकू गेलं
त्याच आठवड्यात कुणीतरी तिला ही फीत लावायला दिली.
तिनं ती घडी करून बटव्यात ठेवली,
रिक्षाचे सुटे पैसे काढताना अजून बाहेर येते.

सोनेरी लहान मुलांची. कॅन्सर.
कात्री थांबते.
"सोनेरी तर कुंचीला लावायला नेतात."
मी रिळांकडे बघते.
ते दहा मीटर मोजतात, मग पुन्हा पहिल्यापासून मोजतात.

जांभळी विसरत जाणाऱ्यांची.
आणि फिट येणाऱ्यांची.
आणि घरात मार खाणाऱ्या बायकांची.
"एका रंगात तिघं?"
रंग कमी पडले असतील, भाई.
"कमी? जांभळ्याच्याच अकरा शेड आहेत माझ्याकडे,
सिस्टरना सांगा, येऊन बघून जा म्हणावं!"
आणि शिडी लावून खरंच सगळ्या काढतात:
वांगी, जांभूळ, कोकम, गोकर्ण,
एक तर अशी की तिला ते नुसतं "संध्याकाळ" म्हणतात.

हिरवी मनाच्या आजाराची.
आमच्याकडे हिरवा म्हणजे चुडा, ओटीचा खण.
तसं पिवळं म्हणजे हळद.
पण ही पिवळी, जे स्वतःच निघून जातात
त्यांना थांबवायची.

सिस्टरचा भाचा सदाशिव पेठेत राहायचा, कॉट बेसिसवर,
एमपीएससीची तिसरी खेप.
ती आता रिक्षावाल्याला लांबच्या रस्त्यानं न्यायला सांगते,
मीटर पडू दे, म्हणते.
आकडा का खोडला, मी विचारलं नव्हतं.
"पिवळी किती देऊ?"
द्या पाच.
नको, सहा द्या.

"आणि गुलाबी?"

शाळेत आई दोन वेण्या घालायची,
रिबीन इतकी आवळायची की भुवया वर ओढल्या जायच्या,
दिवसभर मी चकित झाल्यासारखी दिसायची.
परवाच्या जूनमध्ये उशीवर केस मिळाले, मूठभर,
तेव्हा चेहरा नेहमीसारखाच होता.
हे काही मी त्यांना सांगत नाही.
म्हणते, बायकांची.

ते नमुना करून दाखवतात:
बोटाएवढा तुकडा, एक पीळ, दोन टोकं खाली.
"अशीच ना? लावून बघा."
मी टाचणी घेते, कुर्त्यावर डावीकडे लावते.
टाचणी सरळ आत जाते,
डोक्यापर्यंत,
मृणालिनीनं विणून दिलेल्या लोकरीच्या गोळ्यात.
मी हूं नाही की चूं नाही.

अलीअसगरभाई बघतात.
मग बघत नाहीत.
गज उचलतात, गुलाबी मोजायला घेतात.
एकोणचाळीस, चाळीस.
चाळिसाव्या मीटरपुढे आणखी एक वीत सोडून कापतात,
धागे सुटू नयेत म्हणून टोकं मेणबत्तीवरून फिरवतात.
जळक्या साटीनचा वास येतो.

बिलावर सहा रंगांची एकच ओळ:
साटीन, अर्धा इंच, मिश्र.