लेखणी न उचलता

रोज सात चाळीसला दिवा लुकलुकायला लागतो.
चारांतला दुसरा, ज्याखाली डीएसएल लिहिलंय.
बाकीचे तीन शहाण्यासारखे हिरवे,
हा मात्र डोळ्यात कुसळ गेल्यासारखा.

मी मोडी शिकवते. मंगळवार, शुक्रवार, पावणेआठ ते नऊ.
कॅमेरा हातावर, चेहऱ्यावर नाही.
'आधी रेघ ओढा,' मी सांगते,
'मग तिच्याखाली अक्षरं अडकवत चला,
ओळ संपेपर्यंत लेखणी उचलायची नाही.'
आणि नेमका ओळीच्या मध्यावर
माझा हात पडद्यावर गोठतो.
पलीकडे पाच जण बघत बसतात
अर्धा 'श्री'.

भाचा म्हणाला, तांब्याची लाईन मोडीत काढ, फायबर घे.
म्हटलं, बाबा रे, मोडीत निघालेल्यावरच माझं पोट आहे.

हेल्पलाइन म्हणाली, बंद करा, तीसपर्यंत मोजा, चालू करा.
मोजले.
म्हणाली, स्प्लिटर काढून वायर थेट जोडा. जोडली.
म्हणाली, दुसरी वायर लावून बघा.
वाशीला जाऊन आणली, पंचेचाळीस रुपये.
दिवा तसाच.

मग डाबरे आले. वसईचे, निवृत्तीला सात महिने उरलेले,
कमरेला तपासणीचा फोन, त्याची दोन बटणं गेलेली.
राउटरकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.
लँडलाइनचा रिसीव्हर उचलला, डोळे मिटले,
नारळ हलवून आतलं पाणी ऐकतात तसे.
'खरखर आहे,' म्हणाले. 'तुमचं काही चुकत नाहीये.
लाईनला काहीतरी ऐकू येतंय.'

लाईनला ऐकू येतं, हे मला माहीत नव्हतं.

जिन्याखालची पेटी उघडली.
आत पालीच्या अंड्यांची टरफलं,
तांब्याच्या जोडांवर हिरवा कळंक,
झाकणाच्या आतून पेन्सिलीने लिहिलेले नंबर,
त्यांतले निम्मे आता कुणाचेच नाहीत.
डाबऱ्यांनी जोड कापले, खरवडले, पुन्हा पिळले,
वर मेणासारखं काहीतरी चोपडलं.
दिवा स्थिर. चहा झाला, दुसरा झाला.
मी डब्यातले शंकरपाळे काढले.

सात चाळीस.
डाबरे पायरीवर बसून चप्पल घालत होते.
मी वरून ओरडले, 'परत गेलं!'
'ओरडू नका,' म्हणाले. 'ऐका.'

तळमजल्यावरून घरघर.
हौसाबाई शेडग्यांची घरघंटी.
नवरा मार्केटात माथाडी होता, पाठ गेली,
तेव्हापासून खिडकीशी ही गिरणी.
कोपरखैरण्यातली गिऱ्हाइकं कामावरून येतात ती सातच्या पुढे,
आणि आमची वायर, एवढी वर्षं,
तिच्या मोटारीला खेटून वर चढलेली.

मी खाली गेले. काय सांगणार होते?
की तुमची बाजरी माझ्या अक्षरांत पडतेय?
पण तसंच सांगितलं.
हौसाबाईंनी भुवयांवरचं पीठ पदरानं पुसलं.
'मंगळवारी नऊनंतर दळीन,' म्हणाल्या.
'शुक्रवारचं न्हाई जमायचं. शनिवारी सुट्टीवाल्यांच्या घरी
थालपिटं असत्यात.'

डाबऱ्यांनी वायर हातभर सरकवली, नवे खिळे ठोकले.
'एवढंच होईल,' म्हणाले. 'बाकी तुम्ही दोघी बघा.'

मंगळवारी आता ओळ सलग जाते.
शुक्रवारी तुटते, एकदा, कधी दोनदा.
तोवर यवतमाळचे निवृत्त पोस्टमास्तर उईके
माझी अर्धी ओळ आपल्या कागदावर पुढे नेतात,
आणि मी परत येते तेव्हा कॅमेऱ्यासमोर धरतात,
थोडी तिरकी, पण न उचलता.

बाकी दिवशी, काही काम नसताना,
मी सात चाळीसला रिसीव्हर कानाला लावून बसते.
सवयीनं आता कळायला लागलंय
खाली बाजरी चाललीय की भाजणी.