सातवी वाटी

नांदेडच्या दवाखान्यातून परत येताना
एस्टीत तुम्ही खिडकीशी बसलात, हात छातीवर,
जणू आत बसवलेली जाळी
एखाद्या खड्ड्यात निसटेल.
वसमत आल्याचं मला हळदीनं सांगितलं.
मोंढ्यात लिलाव असला की
आधी शिंक येते, मग गाव येतं.

तीस वर्षं तुम्ही ती पोती पाठीवर वाहिली.
तीस वर्षं मी डंक चालवला.
मिरची, धने, दगडफूल, नाकेसर,
येसराचे गहू-हरभरे खरपूस भाजून.
अर्ध्या गावाच्या आमटीला माझ्या हातचा वास,
अन् तुमच्या नळीत काय साचत गेलं
ते या नाकाला कळलं नाही.

बघायला येणारा रिकाम्या हातानं येत नाही,
औषध घेऊन येतो.
मन्मथअप्पा म्हणाले, दालचिनी, मुंजाजी! रोज सकाळी, कोमट पाण्यात.
रजियाखालानं पदरातून लसणाचा गड्डा काढला,
कच्चा चाव, नळ्या धुऊन निघतात.
कुणी मेथ्या, कुणी आल्याचा रस.
अन् एक जण दारातूनच,
"हळदीच्या गावात हार्ट बिघडतंय कसं?"
मी म्हणाले, हळदीच्या गावात
सगळ्यात जास्त हळद हमालाच्या नाकात जाते,
ताटात नाही.

डॉक्टरीणबाई माझ्या पुतणीच्या वयाच्या.
त्यांना मी विचारलंच, मसाल्यानं काळीज सुधरतं का?
त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.
"लसणानं थोडा फरक पडतो असं काही अभ्यास सांगतात, मावशी,
काही सांगत नाहीत.
गोळीच्या जागी चमचा चालायचा नाही.
पण मीठ कमी केलं की जीभ रुसते ना?
तिची समजूत काढायला मसाला आहे."

जिभेची समजूत. हे मला जमण्यासारखं होतं.
धने जरा जास्त भाजले,
लसूण निखाऱ्यात सालीसकट,
तेल पळीतून चमच्यावर आणलं,
चिंचेचं बोट, वरून ओवा चुरून.
पहिल्या दिवशी तुम्ही ताट सरकवलं,
"हे काय दवाखान्याचं चारायलीस?"
दुसऱ्या दिवशी गप्प.
आठव्या दिवशी भाकरीचा तुकडा वाटीभर फिरवलात
आणि वाटी पुढं केलीत.

मला वाटलं, जिंकले.

मग सणगरांच्या लग्नाचा मसाला निघाला,
दगडफुलाचा डबा उपडा केला
आणि काळ्या पापुद्र्यांतून
पांढऱ्या गोळ्या परातीत.
मोजल्या. एकोणीस.
डंक बंद केला.
गिऱ्हाईक म्हणालं, लाईट गेली का?
हो म्हणाले.

"काहून?"
तुम्ही बाजेच्या सुंभाकडं बघत राहिलात.
"दालचिनी चालू हाय की."
मग बऱ्याच वेळानं,
"गोळी घेतली की वाटतंय, मी बिमार हाय.
दालचिनी घेतली की वाटतंय, घरी हाय."

यावर काय भांडणार?
मी फोन लावून तुमच्या कानाशी धरला.
पलीकडून बाई एवढ्या ओरडल्या
की मलाही ऐकू आलं,
जाळीत रक्त गोठू नये म्हणून ती गोळी आहे, काका,
ती तुम्ही दगडफुलाला खाऊ घातलीत!

त्या रात्री मिसळणाचा डबा धुतला.
मोहरी, जिरं, हळद, तिखट, धनेपूड, येसर
आपापल्या जागी भरले.
सातवी वाटी मिठाची.
मीठ वरच्या फळीवर ठेवलं, हात पुरणार नाही असं,
आणि त्या वाटीत
कात्रीनं कापून तुमच्या गोळ्या.
आता त्याही घरच्याच.

काल वरणावर तुम्ही म्हणालात, जरा मीठ दे.
मी डबा पुढं केला.
सातव्या वाटीत बघून थांबलात,
गोळी जिभेवर ठेवलीत,
तोंड वाकडं करून म्हणालात,
"हिला तरी जरासा येसर लाव की."